सेतुपाठाचे काय झाले? शिक्षकांच्या लहान प्रमाणपत्रांची दोन शतके

'मायक्रो-क्रेडेन्शियल' या शब्दाला मराठीत अजून रुळलेला प्रतिशब्द नाही. कोणी 'सूक्ष्म-प्रमाणपत्र' म्हणतात, कोणी 'लघुप्रमाणपत्र'. वस्तू मात्र ओळखीची झाली आहे. पंधरा-वीस तासांचा, एखाद्याच कौशल्यापुरता ऑनलाइन अभ्यासक्रम, शेवटी बहुपर्यायी चाचणी, आणि चाचणी संपताच पडद्यावर उमटणारे, कोपऱ्यात क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र. बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या छात्राध्यापकांपुढे आज अशा प्रमाणपत्रांची मोठी रास आहे: मूल्यमापनाचे एक, समावेशक शिक्षणाचे एक, पायाभूत साक्षरतेचे एक. ही प्रमाणपत्रे साठवून पुढे पदवीच्या हिशेबात धरता येतील, असे आश्वासनही त्यांना दिले जाते.

या साऱ्याचे स्वागत 'नवे युग' म्हणून होते, किंवा त्याचा निषेध 'शिक्षणाचे तुकडे' म्हणून होतो. दोन्ही प्रतिक्रियांमागे एक समान गृहीत आहे, ते असे की पूर्वी शिक्षक अखंड घडत असे आणि आता तो तुकड्यातुकड्यांनी घडू लागला आहे. मुंबई इलाख्याचा आणि पुढे महाराष्ट्राचा इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाही. आपल्याकडे शिक्षक जवळजवळ नेहमीच तुकड्यांनी घडला आहे. प्रश्न तुकड्यांचा नव्हता. ते सांधायचे कोणी आणि कोठे, हा होता.

आरंभ १८२० च्या दशकापासून करावा लागतो. शालेय पुस्तके आणि शाळा यांसाठी १८२२ साली मुंबईत जी मंडळी स्थापन झाली आणि १८२७ पासून 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली ती शिक्षकांची. पंतोजी गावोगाव होते. पण छापील पुस्तकावरून, वर्ग पाडून शिकवणारा माणूस नव्हता. मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत चोवीस शिक्षक तयार करण्यात आले, चौदा मराठी आणि दहा गुजराती, आणि १८२६ मध्ये त्यांना जिल्ह्यांत शाळा काढण्यासाठी पाठवण्यात आले. त्यांना शिकवलेली पद्धत बेल आणि लँकेस्टर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली, म्हणजे वरच्या मुलाने खालच्या मुलांना शिकवण्याची. तिचा प्रवास मोठा गमतीचा आहे. अँड्र्यू बेल यांना ती सुचली मद्रासेत, देशी शाळेतली मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहून. म्हणजे आपली धूळपाटी विलायतेला जाऊन 'पद्धती' होऊन परत आली, आणि ती शिकण्यासाठी आपल्या पंतोजींना मुंबईत यावे लागले.

या चोवीस जणांना कोणतीही पदवी नव्हती. मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ चे. त्यांच्यापाशी होते ते एका मर्यादित कामाचे शिक्षण आणि ते काम करण्याचा अधिकार. आजच्या परिभाषेत सांगायचे तर हे 'लघुप्रमाणपत्र'च होते. पण त्याला लागूनच शाळा होती. शिकले ते लगेच, पगारावर, खऱ्या मुलांपुढे वापरायचे होते.

पुढची पायरी मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना अधिक जवळची वाटेल. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षकांसाठी जो 'नॉर्मल क्लास' सुरू झाला, त्याचे संचालक होते बाळशास्त्री जांभेकर. १८४६ मध्ये ते वारले आणि त्यांच्यामागे ते काम दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले. 'दर्पण'कार आणि व्याकरणकार या बिरुदांखाली आपण या दोघांना वाङ्मयेतिहासात बसवले आहे. त्यांचे शिक्षक घडवण्याचे काम बहुधा तळटिपेत जाते. वास्तविक दादोबांच्या व्याकरणाची आणि नॉर्मल क्लासची गरज एकच होती. गावोगाव एकसारखी भाषा शिकवायची, तर आधी ती शिकवणाऱ्याला नियमांसह यावयास हवी. मराठी गद्याचे प्रमाण रूप ज्या काळात घडले, त्याच काळात ते वर्गात नेणारा माणूस घडवला जात होता, आणि दोन्ही कामे त्याच त्या व्यक्ती करीत होत्या. शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास वाङ्मयाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, तो यामुळे.

१८५४ च्या वूडच्या खलित्याने प्रशिक्षणशाळा, विद्यावेतन आणि विलायतेतल्यासारखे छात्रशिक्षक यांची शिफारस केली. त्यानंतर मुंबई इलाख्यात जी व्यवस्था स्थिरावली, ती आज मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ट्रेनिंग कॉलेजचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता, पण तो एकसंध नव्हता. पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र वेगळे, दुसऱ्याचे वेगळे, तिसऱ्याचे वेगळे. एक वर्ष करून मनुष्य शाळेवर परत जाऊ शके आणि पुढे सवडीने, खात्याने धाडल्यास, दुसऱ्या वर्षाला येऊ शके. 'फर्स्ट इयर ट्रेंड', 'थर्ड इयर ट्रेंड' हे शब्द खेड्यापाड्यांतल्या मराठीत इतके मुरले की जुन्या शिक्षकांच्या घरी ते बिरुदासारखे वापरले जात. स्वातंत्र्यानंतर त्याच शिडीचे रूप ज्युनिअर आणि सिनिअर पी.टी.सी. असे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील 'अनेक प्रवेश, अनेक निर्गम' ही कल्पना ज्यांना अभूतपूर्व वाटते, त्यांनी ही शिडी एकदा पाहावी.

या शिडीची तीन वैशिष्ट्ये होती. एक, प्रत्येक पायरीची किंमत आधी ठरलेली होती. कोणत्या प्रमाणपत्राला कोणता पगार आणि कोणती जागा, हे शिडी चढण्यापूर्वीच माहीत असे. दोन, पायऱ्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. तिसरीवर जायचे तर दुसरी ओलांडावीच लागे. आणि तीन, प्रत्येक कॉलेजला सरावाची शाळा जोडलेली होती. तेथे शिकवताना मागे कोणीतरी बसलेले असे. नंतर गावच्या शाळेवर दिपोटी येत. त्यांच्या भेटीची धास्ती आपल्या आठवणींच्या वाङ्मयात पुष्कळ आहे. पण त्या धास्तीत एक गोष्ट गृहीत होती: शिक्षकाचे काम पाहूनच त्याविषयी बोलायचे असते.

याचा अर्थ ती व्यवस्था न्याय्य होती असा नव्हे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्या वर्मावर बोट ठेवले. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच ट्रेनिंग कॉलेजातून आलेले आहेत, बाकीचे अप्रशिक्षित आणि अत्यल्प पगारावर काम करणारे आहेत, असे त्यांनी सांगितले. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, प्रशिक्षित शिक्षकाला निदान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये पगार असावा, अशी त्यांची मागणी होती. या मागणीत एक सूक्ष्म विचार आहे. प्रमाणपत्र कोणाला मिळते आणि मिळाल्यावर त्याचे काय होते, हे दोन प्रश्न जोतीरावांनी एकत्र विचारले. नुसते प्रशिक्षण वाढवून ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यातून शिक्षक येणार नाहीत, आणि पगार नसलेले प्रमाणपत्र कोणाला थांबवून धरणार नाही. आजच्या प्रत्येक नव्या प्रमाणपत्राला हे दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत.

लहान पायऱ्यांची शिडी कोणाच्या उपयोगी पडते, याचे उत्तर अनुताई वाघ यांच्या चरित्रात आहे. १९१० साली जन्मलेल्या अनुताई बालपणीच विधवा झाल्या. व्हर्नाक्युलर फायनल, मग पुण्यात प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण, मग खेड्यातली नोकरी, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत असताना रात्रशाळेतून मॅट्रिक. १९४५ पासून ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काम, आणि पन्नाशी उलटल्यावर १९६१ मध्ये बी.ए. एकदम तीन-चार वर्षे काढून शिकण्याची सोय त्यांना कोणत्याच वयात नव्हती. शिक्षणाचे दार एकच आणि मोठे असते, तर त्या बाहेरच राहिल्या असत्या. म्हणून लहान प्रमाणपत्रांची सरसकट टवाळी करणाऱ्यांना हे विचारले पाहिजे की अशा स्त्रियांसाठी तुमच्याकडे दुसरी कोणती वाट आहे? बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सकाळची लोकल पकडून खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या आणि घरी परतून रात्री मोबाइलवर अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या आजच्या शिक्षिकेची स्थिती फार वेगळी नाही.

परंतु अनुताईंच्या बाबतीत हे तुकडे सांधले गेले ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांच्या सहवासात, आणि ताराबाईंच्या डोळ्यांसमोर. प्रमाणपत्रे वेगवेगळ्या ठिकाणची होती. काम एक होते आणि ते पाहणारी व्यक्ती होती.

आता शब्दाच्याच दृष्टीने जवळची असलेली एक गोष्ट पाहू. बी.एड. झालेल्या कोणालाही 'सूक्ष्म अध्यापन' आठवत असेल. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. सत्तरच्या दशकात ती भारतीय अध्यापक महाविद्यालयांत पसरली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे: प्रश्न विचारणे, फलकलेखन, स्पष्टीकरण, प्रबलन. भारतात रूढ झालेल्या चक्राचे गणित काटेकोर होते. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुन्हा टाचण, सहा मिनिटे पुन्हा शिकवणे, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटे. वर्गमित्रच विद्यार्थी होत, आणि पन्नास वर्षांच्या प्राध्यापकांसमोर सहकारी मुले खोटी-खोटी पाचवीतली होऊन उत्तरे देत. या पद्धतीची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. अध्यापन म्हणजे कौशल्यांची बेरीज नव्हे, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला.

मात्र त्या पद्धतीतच या आक्षेपाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न होता. सुटी कौशल्ये झाली की 'सेतुपाठ' घ्यावा लागे. त्यात ती सारी एकत्र आणायची, आणि मग सरावपाठासाठी खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गात जायचे. सेतुपाठाला कोणी फार मान देत नसे. वेळापत्रकात तो कोठेतरी दडपलेला असे. पण त्याच्यामागची कबुली महत्त्वाची होती. तुकडे आपोआप जुळत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा पूल बांधावा लागतो, ही ती कबुली.

दूरशिक्षणाने या पुलाची पहिली मोठी परीक्षा घेतली. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. सेवेत असलेल्या पण बी.एड. नसलेल्या शिक्षकांसाठी त्याने दूरस्थ बी.एड. चालवले. जो रोज शिकवतोच आहे, त्याची शाळा हीच त्याची प्रयोगशाळा, असे त्यामागचे सूत्र होते. अंतर वाढले, तरी वर्ग सुटला नव्हता.

२००१ मध्ये एम.एस.-सी.आय.टी. आली. ती शिक्षकांसाठीच नव्हती, पण महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी अनुभवलेले पहिले सार्वत्रिक 'लघुप्रमाणपत्र' तेच म्हणावे लागेल. गल्लोगल्ली केंद्रे निघाली. संगणकाला हात लावायला बिचकणारी पिढी माउस धरायला शिकली, हे तिचे श्रेय मोठे आहे. पुढे हे प्रमाणपत्र वेतनवाढीशी जोडले गेले, मुदती पडल्या, वसुलीचे वाद निर्माण झाले. तेव्हापासून लहान प्रमाणपत्राचा अर्थ शिक्षकांच्या मनात बदलला. ते शिकल्याची खूण राहिले नाही. सेवापुस्तिका सुरक्षित ठेवण्याचा कागद झाले.

या काळात मुंबईच्या उपनगरांत दोन वेगळे प्रयोग झाले. पवईच्या आय.आय.टी.त दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या हजारो अध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचा उपक्रम २०१० च्या आसपास आकाराला आला. व्याख्यान पवईहून थेट दिसे. पण ऐकणारे आपापल्या घरी एकेकटे नसत, जवळच्या महाविद्यालयातील केंद्रावर एकत्र जमत, आणि तेथे समन्वयक हजर असे. दुसरा प्रयोग देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा. टाटा ट्रस्ट आणि अमेरिकेतील एम.आय.टी. यांच्या सहकार्याने तिने 'क्लिक्स' हा प्रकल्प चालवला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगण येथील शाळांत तो पोचला आणि २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा किंग हमद पुरस्कार मिळाला. त्यातील शिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि सुट्या घटकांचे होते, पण त्यांच्याभोवती शिक्षकांचे गट बांधलेले होते. वर्गात काय करून पाहिले, काय फसले, हे ते टेलिग्रामवर एकमेकांना सांगत. दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान दूरचे होते आणि पूल जवळचा होता.

त्यानंतर आकडे वाढले आणि पूल अरुंद झाला. २०१७ मध्ये 'स्वयम्' आणि 'दीक्षा' ही राष्ट्रीय व्यासपीठे सुरू झाली. त्याच वर्षी शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ ची मुदत मिळाली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या अठरा महिन्यांच्या ऑनलाइन डी.एल.एड. ला देशभरातून दहा लाखांहून अधिक शिक्षक बसले. त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. पदविकेची किंमत मात्र नंतर ठरली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष मानण्यास नकार दिला, आणि २०२४ मध्ये, १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत ती पूर्ण केलेल्यांपुरती ती ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. एकोणिसाव्या शतकातल्या शिडीचे पहिले वैशिष्ट्य, पायरीची किंमत आधी ठरलेली असणे, येथे नाहीसे झाले होते.

करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, 'निष्ठा' हे प्रशिक्षण अठरा घटकांत 'दीक्षा'वर आले. २०२२ मध्ये महाराष्ट्रात वरिष्ठ व निवडश्रेणीसाठीचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले आणि नव्वद हजारांहून अधिक शिक्षकांनी त्यासाठी नोंदणी केली. इतक्या लोकांना वर्गात बसवून शिकवणे कोणत्याही यंत्रणेला झेपले नसते, हे मान्य केले पाहिजे. पण या व्यवस्थेत एक नवे कौशल्य जन्माला आले, आणि त्याचे प्रमाणपत्र मात्र कोणी देत नाही: चलच्चित्र सुरू ठेवून दुसरे काम करण्याचे, आणि चाचणीची उत्तरे गटावरून मिळवण्याचे. आम्हा महाविद्यालयीन अध्यापकांना याबद्दल शिक्षकांना हिणवण्याचा अधिकार नाही. आमचे उजळणी वर्गही याच वाटेने गेले आहेत.

२०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम केले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, वर्षाला चाळीस श्रेयांक, असा त्याचा हिशेब आहे. 'बँक' हा शब्द विचार करायला लावणारा आहे. बँकेत ठेवलेला रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असतो. तो कोठून आला याने फरक पडत नाही. शिकवण्याचे ज्ञान तसे नाही. फलकलेखनाचा एक श्रेयांक आणि बालमानसशास्त्राचा एक श्रेयांक यांची बेरीज दोन होते, हे गणित म्हणून खरे आहे. वर्गात पंचेचाळीस मुले समोर असताना मागच्या बाकावरचे मूल गप्प का आहे हे ओळखणे, या बेरजेत कोठेच येत नाही.

येथे जुन्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सरावपाठांची पोकळीही आपण सारे जाणतो. न पाहिलेल्या पाठांवर सह्या होतात, विकत आणलेले तक्ते पाठाला लावले जातात, टाचणवह्या एकीवरून दुसरी उतरतात. २०१४ च्या नियमावलीने २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आणला. तरी अनेक शाळांना छात्राध्यापक म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासावर पाठवायचे माणूस वाटते. पूल होता म्हणजे तो नेहमी मजबूत होता असे नाही. पण तो आहे असे मानले जात होते, आणि म्हणून तो मोडला तर तक्रार करता येत होती. आता त्याची जागाच आराखड्यात राहिली नाही, तर तक्रार कशाची करणार?

हा प्रश्न तातडीचाही झाला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागेल असा निकाल दिला. ज्यांनी वीस-वीस वर्षे शिकवले, त्यांच्या शिकवण्याचा कोणताही लेखी, विश्वसनीय पुरावा व्यवस्थेपाशी नाही, म्हणून त्यांना पुन्हा बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेसमोर बसावे लागते. या शिक्षकांकडे प्रमाणपत्रांची वाण नाही. वाण आहे ती, त्यांचा एक तरी तास कोणीतरी जाणत्याने नीट पाहून लिहिलेल्या चार ओळींची.

म्हणून लघुप्रमाणपत्रे हवीत की नकोत, हा वाद फारसा फलदायी नाही. ती राहणार आहेत, आणि अनुताईंसारख्यांसाठी ती राहिली पाहिजेत. मागणी करायची ती तीन गोष्टींची, आणि तिन्ही आपल्याच इतिहासात आहेत. प्रमाणपत्राची किंमत, म्हणजे पगारात, सेवेत आणि पुढील प्रवेशात ते कसे धरले जाईल हे, अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी जाहीर असावे. सुटी प्रमाणपत्रे क्रमाने रचलेली असावीत. कोणत्याही दहांची बेरीज म्हणजे पात्रता होऊ नये. आणि दर तीन-चार प्रमाणपत्रांमागे एक सेतुपाठ असावा, खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे, मागच्या बाकावर बसलेल्या जाणत्या शिक्षकाच्या उपस्थितीत. अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात अध्यापक महाविद्यालये आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत, निवृत्त आणि अनुभवी शिक्षक आहेत. त्यांना मानधन देऊन हे निरीक्षण करून घेणे अशक्य नाही. ते महाग मात्र आहे, कारण त्यात माणसाचा वेळ लागतो.

खरा निर्णय येथेच आहे. पडद्यावरचे प्रमाणपत्र हजारव्या शिक्षकाला देताना पहिल्याइतकाही खर्च येत नाही. हजाराव्या शिक्षकाचा तास पाहायला मात्र पहिल्याइतकाच वेळ लागतो. १८२६ मध्ये चोवीस शिक्षकांसाठी जो खर्च एका लहान मंडळीने केला, तो लाखोंसाठी करायचा की नाही, हे शासनाने आणि विद्यापीठांनी उघडपणे सांगावे. नाही म्हणायचे असेल, तर तेही उघडपणे सांगावे. छात्राध्यापकाला निदान इतके कळले पाहिजे, की त्याच्या हाती पडलेल्या कागदावर कोणी त्याला शिकवताना पाहिल्याची साक्ष आहे, की केवळ त्याने पडदा पाहिल्याची.